मराठी मंडळांनो, वर्षातला एक कार्यक्रम दफ्तरखान्यात घ्या

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
अमेरिकेतली मराठी मंडळं

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. पूर्वेकडची मंडळी सहल काढून तिथे जातात, फुलं वाहतात, मुलांना गोष्ट सांगतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तिथून दहा-बारा किलोमीटरवर हाइड पार्क आहे. अमेरिकेतलं पहिलं राष्ट्राध्यक्ष ग्रंथालय तिथलंच, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं, १९४१ मध्ये उघडलेलं. ब्रिटिश मंत्री क्रिप्स १९४२ मध्ये हिंदुस्थानी नेत्यांशी करत होते ती बोलणी फिसकटत असताना, 'हिंदुस्थानात राष्ट्रीय सरकार येऊ द्या, बोलणी तोडू नका' असं रूझवेल्टनी चर्चिलना तारेने कळवलं होतं. त्या दोघांचा तो सगळा पत्रव्यवहार तिथल्या दफ्तरात आहे. त्याच वर्षी, १ जुलै १९४२ रोजी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून गांधीजींनी रूझवेल्टना पत्र लिहिलं. उत्तरावर तारीख १ ऑगस्टची, आणि ऑगस्टच्या ९ तारखेला तर गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. वर्धा काय, पुणं काय, सगळा आपल्याच मुलखातला मामला. आणि सहलीच्या कार्यक्रमात हाइड पार्कचं नावही नसतं.

मागणी एकच आहे, ती आधी सांगतो आणि मग कारणं देतो. मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांपैकी एक कार्यक्रम तुमच्या जवळच्या राष्ट्राध्यक्ष ग्रंथालयात किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या (नॅशनल आर्काइव्हजच्या) शाखेत घ्या. सभागृह भाड्याने घेऊन नव्हे, त्या लोकांना बरोबर घेऊन.

ज्यांचा या संस्थांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हूवरपासून धाकट्या बुशपर्यंत १३ राष्ट्राध्यक्षांची ग्रंथालयं राष्ट्रीय अभिलेखागार चालवतं. बॉस्टनला केनेडी, ऑस्टिनला जॉन्सन, अटलांटाला कार्टर, डॅलसला धाकटे बुश, लॉस एंजेलिसच्या आसपास रेगन आणि निक्सन, डेट्रॉइटवाल्यांना अॅन आर्बरला फोर्ड. मराठी वस्तीचा नकाशा आणि हा नकाशा एकमेकांवर ठेवून बघा, बरंच जुळतं. आत मुख्य ऐवज कागदांचा: पत्रं, टिपणं, बैठकांचे वृत्तांत, फोटो, ध्वनिफिती. एकट्या जॉन्सन ग्रंथालयात साडेचार कोटी पानं आहेत. बाहेरच्या बाजूला संग्रहालय असतं, आणि संध्याकाळी होतात ते लोकांसाठीचे कार्यक्रम. त्या खोक्यांमध्ये वर्षानुवर्षं बसून ज्याने पुस्तक लिहिलं तो लेखक येतो, पाऊण तास बोलतो, मग प्रश्न, मग बाहेर टेबलावर पुस्तकावर सही. पुष्कळ ठिकाणी प्रवेश फुकट, फक्त नाव नोंदवायचं. रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या परंपरेतल्या माणसांना यात नवीन काय सांगायचं? फरक एवढाच की इथे वक्ता ज्या कागदाबद्दल बोलतो तो कागद त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाव नोंदवून तो तुम्हीही मागवू शकता.

मी अशा कार्यक्रमांना जातो. सभागृहात माझ्या वयाची गोरी मंडळी भरपूर, काही विद्यार्थी, आपले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याचं वाईट वाटून घ्यायची गरज नाही. ज्याला ज्याची आवड. पण मधल्या वाटेत ठेवलेल्या माइकपाशी जी रांग लागते, तिच्यात कोण उभं आहे त्यावर प्रश्न ठरतात, आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं याचा अंदाज आयोजक त्या प्रश्नांवरून बांधतात. जॉन्सनवरचं व्याख्यान असलं की व्हिएतनाम आणि नागरी हक्क यांवर रांग लागते. लागायलाच हवी. पण आपण सगळे या देशात ज्या कायद्यामुळे आलो, तोही याच जॉन्सनच्या सहीचा. त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ज्यांनी विचारायचं ते त्या वेळी शाळेच्या जिममध्ये नाटकाचा सेट लावत असतात.

या कायद्याची गोष्ट आपल्या मुलांना नीट माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आईबापांनाही नाही. १९१७ पासून हिंदुस्थानी माणसाला इथे येऊन स्थायिक व्हायची वाट जवळजवळ बंद होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता 'गोरा' नाही असं ठरवलं. ट्रूमननी २ जुलै १९४६ रोजी ज्या कायद्यावर सही केली त्याने नागरिकत्व मिळू लागलं, पण कोटा किती? वर्षाला १००. सगळ्या हिंदुस्थानातून शंभर. मग ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी जॉन्सननी नव्या कायद्यावर सही केली आणि देशवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडीत निघाली. गंमत म्हणजे त्याच भाषणात ते म्हणाले होते की हा काही क्रांतिकारी कायदा नव्हे, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. शिकलेल्यांपेक्षा नातेवाइकांना झुकतं माप द्यावं असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये ओहायोचे काँग्रेस सदस्य मायकल फायगन होते, आणि अशाने आधीच इथे असलेल्या युरोपीयांचेच भाऊबंद येत राहतील असा त्यामागे हिशोब होता, असं इतिहासकार सांगतात. आपल्यापैकी किती जण पुढे बहिणीच्या नाहीतर दिराच्या अर्जावर आले, ते आठवा, म्हणजे हिशोब कसा उलटा पडला ते कळेल. हा कायदा घडवतानाची टिपणं, पत्रं, मसुदे ऑस्टिनमध्ये आहेत. ऑस्टिन, डॅलस आणि ह्यूस्टन तिन्हीकडे आपली भरभक्कम वस्ती आहे. ३ ऑक्टोबरच्या आसपास तिथे एक संध्याकाळ का होऊ नये? या कायद्यावर लिहिणारा एक इतिहासकार, आणि साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या आपल्या दोन-तीन आजी-आजोबा, एकाच मंचावर. त्या पिढीतली मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या कार्यकारिणीवर ढकलण्यासारखं हे काम नाही.

केनेडी ग्रंथालयात तर यशवंतराव चव्हाणांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. आपल्याकडचा अर्धा पाठ आहे: चीनने धडक मारली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले, हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. त्याच्या दोनच दिवस आधी, १९ तारखेला, नेहरूंनी केनेडींना लागोपाठ दोन पत्रं पाठवली होती. दुसऱ्या पत्रात स्पष्ट मागणी होती: कोणत्याही हवामानात उडणाऱ्या स्वनातीत लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या, शिवाय बी-४७ बाँबफेकी विमानांच्या दोन. ज्याने आयुष्यभर अलिप्ततेचा आग्रह धरला त्या माणसाची ही पत्रं. कित्येक दशकं त्यांचा पूर्ण मजकूर लोकांपुढे नव्हता. दिल्लीत तर अशी मागणी झालीच नव्हती असंही सांगितलं गेलं. शेवटी बॉस्टनच्या या ग्रंथालयानेच तो २०१० च्या सुमारास खुला केला. पुढे मे १९६४ मध्ये यशवंतराव संरक्षण-साहाय्याच्या बोलण्यांसाठी अमेरिकेत आले असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली. बॉस्टनच्या परिसरात यशवंतरावांबद्दल आदराने बोलणारी कितीतरी घरं आहेत. त्या घरांनी ही दोन पत्रं समोर ठेवून एक संध्याकाळ काढली, तर चर्चा निवेदकाला आवरणार नाही याची मी हमी देतो.

आता गव्हाकडे येतो, कारण यातला एक प्रश्न मला स्वतःला फार छळतो. रेशनच्या दुकानावरची अमेरिकन लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना पीएल-४८० म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अमेरिकेचं जादा धान्य दुसऱ्या देशांना सवलतीने द्यायचा, आयझेनहॉवरनी १९५४ मध्ये सही केलेला कायदा तो. त्यांचं ग्रंथालय कॅन्ससमध्ये अॅबिलीनला, गव्हाच्याच मुलखात. पुढे १९६५ ते ६७ च्या दुष्काळात जॉन्सननी धान्याची जहाजं अगदी आखडत्या हाताने, थोड्या थोड्या मुदतीपुरती मंजूर केली, कारण भारताने शेतीचं धोरण बदलावं असा त्यांचा हट्ट होता. तो सगळा व्यवहार ऑस्टिनच्या कागदांत सापडतो. पण माझा प्रश्न गाजरगवताचा. आपल्याकडे लहान पोरंही सांगतात की काँग्रेस गवत अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं. पुण्यात हे गवत नोंदलं गेलं १९५५ मध्ये. भारताशी पीएल-४८० चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. मग जहाजाच्या आधी बी कसं पोचलं? त्याआधी १९५१ मध्ये ट्रूमननी भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली होती, तेव्हा त्या गव्हातून आलं असेल का? की आणखी कुठल्या वाटेने? ट्रूमन ग्रंथालय मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावात, कॅन्सस सिटीला लागूनच आहे. आपल्यात कृषिशास्त्रज्ञ आहेत, वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत, निवृत्तीनंतर सुडोकू सोडवणारे तर असंख्य आहेत. एखाद्या मंडळाने हा एक प्रश्न घेऊन ग्रंथालयातल्या अभिलेखपालाला बरोबर घेतलं, तर लोकांसाठी इतिहास म्हणजे काय याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक दुसरं नाही. उत्तर मिळालं नाही तरी चालेल.

वाचनकक्षात जायची भीती बाळगू नका. डॉक्टरेट लागत नाही, नागरिकत्व लागत नाही. ओळखपत्र दाखवून संशोधक म्हणून नाव नोंदवायचं, बॅग आणि पेन बाहेर ठेवायचं, आत पेन्सिल. एका वेळी टेबलावर एकच खोकं, त्यातला एकच फोल्डर, पानांचा क्रम जसा आहे तसाच. फ्लॅश न वापरता फोनने फोटो काढता येतात. फोल्डरमध्ये अधूनमधून एक छापील तक्ता लागतो: अमुक तारखेचा, अमक्याने तमक्याला लिहिलेला, इतक्या पानांचा कागद इथून काढून ठेवला आहे, आणि कारण हे. म्हणजे काय लपवलंय त्याचीही नोंद आहे! आणि तो कागद पुन्हा तपासून खुला करा असा अर्ज साध्या वाचकालाही करता येतो. माहितीच्या अधिकारासाठी भांडलेल्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्या तक्त्यावरून हात फिरवताना काय वाटतं, ते तिथे बसल्यावरच कळेल.

या संस्थांची आरती ओवाळायला मी हे पत्र लिहीत नाही. प्रत्येक ग्रंथालयाच्या मागे त्या राष्ट्राध्यक्षाच्या चाहत्यांचं खाजगी प्रतिष्ठान असतं, कार्यक्रमांचा पैसा बऱ्याच अंशी तिथून येतो, आणि व्याख्यानांवर त्याची छाया पडते. काही वेळा लेखकभेट म्हणजे निव्वळ पुस्तकविक्री असते. यॉर्बा लिंडाचं निक्सन ग्रंथालय १९९० मध्ये उघडलं ते पूर्ण खाजगी होतं आणि तिथल्या वॉटरगेटच्या दालनात निक्सनच्या सोयीची कथा होती. २००७ मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आलं, आणि प्रतिष्ठानाशी बरीच ओढाताण होऊन २०११ मध्ये नवं, कागदांवर उभं असलेलं दालन उघडलं. तिथल्याच ३,७०० तासांच्या ध्वनिफितींमध्ये १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी निक्सन आणि किसिंजर इंदिरा गांधींबद्दल आणि एकूण भारतीयांबद्दल जे बोलले ते आहे. ते मुलांसमोर ऐकवण्यासारखं नाही, पण मोठ्यांनी ऐकायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राष्ट्रीय अभिलेखपालांनाच पदावरून दूर करण्यात आलं. संस्था सरकारी आहे, वारं फिरेल तशी तिच्यावर दडपणं येणार. सभागृहात कोण बसतं आणि काय विचारतं याला म्हणूनच किंमत आहे.

कॅलिफोर्नियाच्या मंडळांसाठी आणखी एक जागा सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रूनोला राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा आहे. १९१७-१८ साली गदरवाल्यांवर, म्हणजे अमेरिकेतून ब्रिटिश राज्याविरुद्ध उठाव आखणाऱ्या हिंदुस्थानी क्रांतिकारकांवर, इथे जो 'हिंदू-जर्मन कट' खटला चालला, त्याची न्यायालयीन कागदपत्रं तिथे आहेत. (शेवटच्या दिवशी भर कोर्टात एका आरोपीने दुसऱ्यावर गोळी झाडली आणि मार्शलने त्याला तिथेच टिपलं. यावर अजून नाटक कसं आलं नाही?) गदर म्हटलं की आपण ते पंजाबी बांधवांचं समजून सोडून देतो. पण तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे याच किनाऱ्यावरून १९१४ मध्ये परत गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर चढला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेती शिकले, गदरच्या उभारणीत होते, पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करत राहिले. बे एरियातल्या पंजाबी संस्थांबरोबर मिळून यावर कार्यक्रम केला, तर आपल्या मंडळाला शेजाऱ्यांच्या घरी जायचं निमित्तही मिळेल.

राष्ट्राध्यक्षांच्या पलीकडे विद्यापीठांची दफ्तरं आहेतच. आनंदीबाईंनी प्रवेशासाठी १८८३ मध्ये लिहिलेलं पत्र फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात आहे. बाबासाहेबांनी जुलै १९४६ च्या सुमारास कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलेलं पत्र अॅम्हर्स्टला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. १४ एप्रिलला भाषणाआधी ते मूळ पत्र पडद्यावर दाखवा आणि एखाद्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. ते इंटरनेटवर फुकट बघता येतं.

आणि आता तुमच्या स्वतःच्या कपाटाकडे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. काही गावची मंडळं त्याहून जुनी आहेत. हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेली पहिली वार्तापत्रं, पहिल्या गणपतीच्या वर्गणीची यादी, रंगीत तालमीच्या कॅसेट, 'बासमती कुठल्या दुकानात मिळतो' याची पत्रकं, निळ्या एअरोग्रामांचे गठ्ठे हे सगळं आज कुणाच्या तरी तळघरात, पाण्याच्या हीटरशेजारी आहे. अध्यक्ष बदलला की खोकं घर बदलतं, आणि दोन-तीन घरांनंतर ते कुठे गेलं ते कुणाला ठाऊक नसतं. राष्ट्राध्यक्ष ग्रंथालयं हे कागद घेणार नाहीत, ते त्यांचं काम नव्हे. पण राज्याचं किंवा शहराचं अभिलेखागार, जवळचं विद्यापीठ घेऊ शकतं. फिलाडेल्फियातलं साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह तर मूळ कागद तुमच्याकडेच ठेवून फक्त स्कॅन करून घेतं. कागद देताना दानपत्रावर सही करावी लागते, आणि खाजगी मजकूर अमुक वर्षं बंद ठेवा अशी अट त्यात घालता येते. ही अट घालता येते हे कळलं की घरची मंडळी खोकं द्यायला बरीच तयार होतात.

कसं करायचं, एवढं सांगून थांबतो. प्रत्येक ग्रंथालयात लोकशिक्षण आणि कार्यक्रम बघणारा विभाग असतो. त्यांचं वेळापत्रक बरेच महिने आधी भरतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास पत्र पाठवा, कार्यक्रम वसंतात धरा. पत्रात 'आमच्या संस्कृतीविषयी कार्यक्रम करू या' असं लिहू नका. ते तुम्हाला लेझीम मागतील. कागदाचं नाव, तारीख आणि प्रश्न लिहा: नेहरूंची १९ नोव्हेंबरची पत्रं, १९६५ च्या कायद्याचे मसुदे, १९५१ चा गहू. तुमच्याकडून किती लोक येतील ते सांगा आणि तेवढे खरोखर आणा. आपले लोक वेळेवर येत नाहीत आणि तिथे कार्यक्रम सात म्हणजे सातला सुरू होतो, हे व्हॉट्सअॅपवर ठळक अक्षरांत टाका. खाणं सभागृहात चालत नाही. बटाटेवडे नंतर कुणाच्या तरी घरी. मराठी शाळेच्या मोठ्या मुलांना प्रश्न तयार करून माइकपाशी आधी उभं करा, काका-मावश्या मागे. आणि प्रश्न म्हणजे प्रश्न, आपले मनोगत नव्हे.

ज्या कार्यकारिणीला यात हात हवा असेल तिला फोल्डर शोधून द्यायला, इंग्रजी पत्राचा मसुदा करून द्यायला मी आणि माझ्यासारखे चार-दोन निवृत्त लोक तयार आहोत. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' मध्ये नको, वर घ्या. तिथपर्यंत पोचेस्तोवर निम्मे लोक जेवायला उठलेले असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वर्गणी वेळेवर भरणारा एक आजीव सभासद